फ्लेक्सवरचे उलटे बाण

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती, म्हणून आमच्या विभागप्रमुखांना अचानक विज्ञानाचा उमाळा आला. प्रयोगशाळेत धड मायक्रोस्कोप नव्हते, पण जिन्यात दहा फुटी फ्लेक्स हवा होता. जीवाणू आपल्या डीएनएची नक्कल करणं नेमकं कुठं थांबवतो, त्याचं चित्र मी काढून दिलं. मी तासिका तत्त्वावरचा शिक्षक. असली कामं माझ्याच गळ्यात पडायची.

विषय सोपा आहे. जीवाणूचा डीएनए गोल असतो. नक्कल करणारी दोन यंत्रं एकाच जागेहून निघतात आणि दोन बाजूंनी फिरत समोर जाऊन भेटतात. त्या भेटीच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे एक प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं. आत येणाऱ्या यंत्राला ते वाट देतं, पण भेटीची जागा ओलांडून पलीकडून बाहेर पडू पाहणाऱ्याला अडवतं. एवढ्याशा जीवाला एवढी अक्कल असते.

विभागप्रमुख अक्कलकोट रोडच्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊन बसले आणि वाट कुठल्या बाजूनं खुली ते दाखवणारे माझे सगळे बाण त्यांनी फिरवून घेतले. बाहेर तोंड केलेले बाण म्हणे जास्त उठून दिसतात. आता त्या चित्राप्रमाणे यंत्रांना आत शिरताच येत नव्हतं. मधला तुकडा नकलेविना राहून जीवाणू मेलाच असता. मी तसं सांगितलं.

"छापून झालंय," ते म्हणाले. "समितीतलं कोण बघतंय? पुढच्या वर्षी तास हवेत ना तुम्हाला?"

मला तास हवे होते. फ्लेक्स तसाच जिन्यात लागला.

समितीनं फ्लेक्ससमोर फोटो काढले, काजू खाल्ले, "व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह" म्हणाली आणि गेली. विभागप्रमुख आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होते. मला त्यांची किळस यायची. मी स्वतःला त्यांच्यापेक्षा फार वरचा समजत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एका विद्यार्थिनीनं मला त्याच जिन्यात गाठलं. कुंभारीहून बसनं येणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. हातात उघडी वही होती.

"सर, फ्लेक्सवर उलटं हाय की. तुमी तर येगळं शिकिवलं. उद्या पेपरात कुटलं काढू?"

वर विभागप्रमुखांच्या केबिनचं दार उघडं होतं.

"फ्लेक्सवर आहे तसं काढ," मी म्हणालो.

मी विभागप्रमुखांकडे बघायचो तसंच तिनं माझ्याकडे बघितलं. मग वही जिन्याच्या कठड्यावर टेकवून बरोबर काढलेल्या चित्रावर माझ्यासमोरच काट मारली.