सुताच्या काट्यावर

ऐंशीच्या दशकात माझे बाबा भिवंडीत एका सूतव्यापाऱ्याकडे कारकून होते. गोदामात पोती तोलायचा मोठा काटा होता. दर सणाच्या आदल्या दिवशी बाबा मला त्यावर उभं करायचे. वजन वाढलेलं दिसलं की हमाल ओरडायचे, "अरे वा बाबूजी, बिटिया तो पहलवान हो गई!" मग बाबा सगळ्यांना पेढे वाटायचे. मला वाटायचं, आपण केवढा पराक्रम केलाय!

यामागचं कारण घरात कोणी बोलत नसे, पण मला ठाऊक होतं. माझी थोरली बहीण आजारपणात बारीक होत होत देवाघरी गेली होती. म्हणून आई माझ्या ताटात वाढतच राहायची. "एवढंच? खा गं, तुला माझी शपथ!" शपथ घातल्यावर काय बोलणार, डोंबल? खायचं.

शाळेत मात्र मी 'जाडी' होते. सहावीत लंगडीचा संघ निवडणार होते आणि मला त्यात जायचंच होतं. इतका हट्ट मी कधी कशाचा धरला नव्हता. बाई म्हणाल्या, "आधी जरा हलकी हो बघू." मग मी डबा मैत्रिणींना वाटू लागले, शाळा सुटल्यावर मैदानात एकटीच लंगडी घालू लागले. पोटऱ्या भरून यायच्या, पण काय मजा यायची! शेवटी बाईंनी मला संघात घेतलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखी काट्यावर उभी राहिले. वजन कमी भरलं. हमाल पुन्हा पोती उचलू लागले. बाबांनी पेढ्यांचा पुडा तसाच पिशवीत टाकला आणि मला घरी आणलं.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच सरावाला आई मैदानात आली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"माझी मुलगी खेळणार नाही," ती बाईंना म्हणाली.

"अहो, उलट तब्येत सुधारलीय तिची."

"थोरलीही अशीच उतरायला लागली होती."

बाईंनी यादीतलं माझं नाव खोडलं. माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. सगळं बधिर झालं होतं.

घरी आईने शिरा केला आणि समोर रडत बसली. मी खाल्ला. तिने आणखी वाढला, तोही खाल्ला. भूक नव्हतीच. तिचं रडू थांबेपर्यंत मी खात राहिले.