समजावून सांगितलं होतं

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी पॅकिंग विभाग सांभाळते. नोकरीत मी एकदा खोटं बोलले. त्याची शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्याच माणसाला झाली. हे मी घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

तो माणूस म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. राहायला जवळच्या जांभूळ गावात, घरची थोडी भातशेती. वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. बाटल्यांना लेबल लावायचं मशीन त्यांच्याकडे होतं. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "मॅडम, रोलर सरकलाय." आणि तो सरकलेलाच असायचा.

मग ते मशीन गेलं आणि टचस्क्रीनवालं नवीन आलं. ते बिघडलं की आवाज करायचं नाही, स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी दाखवायचं. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. ते अंदाजाने रीसेट दाबायचे. वाकड्या लेबलांच्या बाटल्या परत येऊ लागल्या. दुसऱ्यांदा पूर्ण बॅच परत आली तेव्हा एचआरच्या साहेबांनी मला एक फॉर्म दिला. तीन महिन्यांत काम सुधारलं नाही तर मशीनवरून काढून दुसरीकडे टाकणार, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. "नीट समजावून सांगा आणि सही घ्या," साहेब म्हणाले.

मी काकांना केबिनमध्ये बोलावलं. ते बसायला तयार नव्हते, आग्रह केल्यावर खुर्चीच्या कडेला टेकले. काय बोलायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. पण त्यांनी बसल्याबरोबर विचारलं, "काय चुकला का माझा?" आणि मी गडबडले.

"नाही हो काका. तुमचा अनुभव एवढा मोठा. कंपनीला वाटतं की तुम्ही नवीन मशीनमध्ये तयार व्हावं. तीन महिने तुमच्याकडे खास लक्ष देणार आहोत."

"म्हंजे ट्रेनिंग?"

"हो, तसंच."

त्यांनी फॉर्म हातात धरला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि सावकाश, मराठीत सही केली. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आपण किती छान हाताळलं, असंही मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरहून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. सगळ्या विभागात वाटले. "मॅडमनी मना निवडलाय. ट्रेनिंग हाय," असं प्रत्येकाला सांगत होते. पॅकिंगच्या बायकांनी त्यांची चेष्टा केली, आता काका साहेब होणार म्हणून. ते लाजले. मग माझ्यासमोर पुडा धरला. त्या क्षणी मी त्यांना बाजूला घेऊ शकले असते. मी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "अभिनंदन काका."

त्यानंतर मी त्यांना टाळू लागले. ज्या मशीनवर मी त्यांच्याशेजारी उभं राहायला हवं होतं, त्या बाजूने जाणंच मी बंद केलं. ते दोनदा केबिनच्या दारात येऊन विचारून गेले, "मॅडम, ट्रेनिंग कवा?" मी म्हणाले, ऑडिट होऊ दे. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात.

तीन महिने संपले. एचआरच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि काकांना सांगितलं की सोमवारपासून तुम्ही गेटजवळच्या गोदामात, खोके उतरवून घ्यायला.

काकांना काही कळेना. "पन माझा ट्रेनिंग चाललाय ना?"

साहेबांनी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. "कसलं ट्रेनिंग? ही वॉर्निंग होती. ही तुमचीच सही ना? मॅडम, तुम्ही यांना समजावून सांगितलं होतं ना?"

काका माझ्याकडे बघत होते. मी टेबलाकडे बघत म्हणाले, "हो. समजावून सांगितलं होतं."

मग काका म्हणाले, "मॅडमनी सांगितला आसंल. मनाच नाय कलला."

ते उठले आणि गेले. ते मला पाठीशी घालत होते, की त्यांना खरंच तसं वाटलं, हे मला कळलं नाही.

त्यांच्या जागी आलेला ऑपरेटरही स्क्रीनपुढे अडू लागला. तेव्हा मी बसून मशीन दाखवतं ते सगळे संदेश मराठीत लिहून काढले आणि प्रत्येकापुढे काय करायचं ते लिहिलं. एकूण चौदा निघाले. जेवणाच्या सुट्टीत सुरू केलेलं काम दुपारच्या चहापर्यंत संपलं. कागद मी मशीनवर चिकटवला. एवढंच करायचं होतं, आणि माझ्याकडे तीन महिने होते.

त्या रविवारी मी स्कूटीवरून जांभूळला गेले. काका अंगणात लाकडं फोडत होते. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, आनंदाने म्हणाली, "तुम्हीच का त्या मॅडम?" तिला गोदामाचं काहीच माहीत नव्हतं. काका मला घाईघाईने रस्त्यापर्यंत घेऊन आले.

मी सगळं सांगितलं. फॉर्मचं, ट्रेनिंगचं, साहेबांपुढच्या खोट्याचं.

"मंग त्याच दिशी का नाय सांगितला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

ते मान हलवत राहिले. "मना वाईट वाटला असता, पन मी शिकलो असतो. माझ्या नातीला इंग्लिश येतं. तिच्याकडून शिकलो असतो."

सोमवारी मी साहेबांना लेखी दिलं की चूक माझी होती, काकांना पुन्हा संधी द्या. साहेब चिडले, पण तयार झाले. गोदामात जाऊन मी काकांना सांगितलं. त्यांनी हातातला खोका खाली ठेवला आणि म्हणाले, "नको मॅडम. आता हितंच बरा हाय."

मी आणखी आग्रह करायला हवा होता. पण रोज त्यांच्यासमोर उभं राहावं लागणार नाही, या विचाराने मला हायसं वाटलं, आणि मी परत फिरले.