चाचांचा दोर

बैल आडवा पाडायचा असेल, तर आदल्या संध्याकाळपासून त्याला उपाशी ठेवतात. भरलेल्या पोटानं पडला की वारा कोंडतो, चारा घशात येतो. आता हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तेव्हा एवढंच माहीत होतं, की तांबड्याला काही घालायचं नाही असं सासऱ्यांनी दोनदा बजावलं होतं.

मी लातूरला भाड्याच्या खोल्यांत वाढलेली. लग्न होऊन मुदखेडजवळच्या या गावी आले, तेव्हा शेळीलाही बिचकायची. सासूबाई नव्हत्या, नवरा पुण्यात कंपनीत. सासरे शेतात गेले की बोलायला तांबडाच. मी दिसले की मान पुढं करून गळ्याखालची लोंबती पोळी खाजवून घ्यायचा.

ऊस वाहायला डांबरी रस्त्यानं जायचं, म्हणून बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या, म्हणजे नाल, मारायच्या होत्या. आधी तांबड्याच्या. पत्रीवाले चाचा सकाळी येणार होते. वडिलांपासूनचा त्यांचा धंदा, आसपासच्या गावांतले सगळे बैल त्यांच्याच हातचे. त्या सकाळी ते यायच्या आधी मी गोठा झाडायला गेले, तर तांबडा रिकामी गव्हाण चाटत होता. मला बघून हंबरला. मी पेंढीभर ओला लसूणघास टाकला. वेडी माया म्हणतात ती हीच, दुसऱ्याच्या जिवावर केलेली.

चाचांनी आल्या आल्या विचारलं, पोट रिकामं आहे ना. सासरे म्हणाले, कालपासून. मी चुलीपाशी ऐकलं आणि गप्प बसले. बोलणी खावी लागतील, एवढीच भीती होती. अजून वेळ होता तेव्हा.

चाचांनी दोराचे वेढे मानेला, छातीला, पोटाला घातले आणि शेजाऱ्याला मागं ओढायला सांगितलं. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. तांबडा गुडघे टेकून बसला, मग कुशीवर कलला. सासऱ्यांनी शिंगं धरली. चारी पाय एकत्र बांधले. दोन खुरं झाली. तिसऱ्या खुराच्या वेळी पोट टरटरून फुगलं, नाकातून हिरवं पाणी आलं. चाचांनी हातोडा टाकला, गाठी सोडल्या, त्याला उठवून बसवायला धडपडले. तांबड्यानं एकदा पाय झाडले. डॉक्टरांना फोन लागेपर्यंत संपलं होतं.

चाचांनी त्या हिरव्या पाण्याला बोट लावून वास घेतला.

"ह्याला सकाळी काई घातलं व्हतं का?"

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

"मग तुमीच दोर आवळला, चाचा," सासरे म्हणाले.

चाचा माझ्याकडं बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग हत्यारं पिशवीत भरली आणि निघाले. दोर तिथंच राहिला.

पत्रीवाल्यानं बैल मारला, एवढंच गावोगाव पसरलं. लोक नायगावकडचा माणूस बोलवायला लागले. आमची जोडी फुटली, उरलेला बैल विकला. मी मिठाची गुळणी धरून सगळं ऐकत होते. स्वतःची किळस यायची. पण किळस आली तरी माणूस भाकरी थापतं, खातं, झोपतं.

तीन वर्षांनी कळलं, की चाचा आता मुदखेड स्टेशनाबाहेर लोकांच्या गाड्या सांभाळत बसतात. त्या दिवशी जेवायला वाढताना मी सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "चाचा गेल्यावर गव्हाणीत घासाच्या काड्या दिसल्या."

"मग त्यांना जाऊन सांगितलं का नाही, मामा?"

"काय सांगू? सुनेनं मारला म्हनू? तू घरची हाईस. ते भाईरचे."

मला बरं वाटलं, हे लपवून उपयोग नाही. क्षणभर खरंच बरं वाटलं. मग मी उठून खुंटीवरचा दोर काढला.

दोर परत द्यायला जाते, मी म्हणाले. जा की, ते म्हणाले.

त्यालाही दोन पावसाळे झाले. बाजाराला जाताना मी स्टेशनाबाहेरच स्कूटी लावते. चाचा मला ओळखतात. सावलीची जागा दाखवतात. मी खाली बघत चावी काढते. दोर घरीच असतो. यंदा मामांनी त्याला कालवड बांधली आहे.