वजनाला आलेली माणसं

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या भागात प्रत्येकाला आपलं काहीतरी भलं होणार असं वाटत होतं. कुणाला शिपायाची नोकरी दिसत होती, कुणाला गावापर्यंत आलेली डांबरी सडक. मला माझ्या जीपला मिळणारं काम दिसत होतं. उदगीर-देगलूर रस्त्यावरून फाट्याला आत वळलं की आमचं गाव, आणि गावात चारचाकी ती एवढीच. लिलावात घेतलेली जुनी लष्करी गाडी, मागे समोरासमोर दोन बाकडी. तिच्यावर मी उदगीरच्या बाजाराची माणसं ने-आण करायचो.

दुष्काळ होता. नव्या जिल्ह्यात गावोगाव बोअर पाडणार आणि पाइप वाहायला गाड्या लागणार, अशी बातमी कानावर आली. मी कुणाला न विचारता नांदेडला गेलो आणि मागचे पाटे बदलून घेतले. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांची ती कमानदार चळत, जिच्यावर गाडीचा भार असतो. जुने भंगारात घातले आणि ट्रकला शोभतील असे जाडजूड बसवले. जीपचं बूड वीतभर वर उचललं गेलं. काम मात्र दुसऱ्याच कुणाला मिळालं.

आता एवढे ताठ पाटे आणि वर भार काहीच नाही. साधा खड्डा आला तरी मागची माणसं छताला टेकून खाली यायची. आमच्या वस्तीतला एक गडी जन्मजात थट्टेखोर होता. याच्या गाडीत बसलं की सकाळची भाकर दुपारी पुन्हा भेटते, असं तो पारावर सांगायचा. मी मुळातच चिडका. त्याच्याशी बोलणं सोडलं, पण गाडी तशीच ठेवली. आपली चूक मोडीत काढायला माणसाला फार वेळ लागतो.

त्यातच मायच्या डोळ्याचं निघालं. तिचा एक डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि वर्षानुवर्षं ती आम्हाला आवाजावरून ओळखत होती. लातूरला जिल्ह्याच्या पाट्या लागल्या होत्या, पण डोळ्यांसाठी आम्हाला अजून नांदेडच गाठावं लागायचं. तिला एस.टी.नं नेलं, ऑपरेशन झालं, माझी बायको तिच्याजवळ राहिली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं. डोळ्याला टाके आहेत, ते कच्चे आहेत. धक्का नको, खोकला नको, हसणंसुद्धा नको. घरी न्याल कसे, असं त्यांनी विचारलं. माझी जीप आहे, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि पायऱ्या उतरताना मला ते ताठ पाटे आठवले.

दुसरा मार्ग नव्हता. एस.टी. फाट्यावर सोडणार. तिथून पुढे दगडगोट्यांची वाट, आणि बैल तर छावणीत चाऱ्यावर. दवाखान्यात खाटेसाठी माणसं जमिनीवर झोपून वाट बघत होती, तिथे जास्त दिवस ठेवून घेणार नव्हते. तो एकच डोळा उरला होता. तोही गेला असता तर माझ्या गाडीनं घालवला असता.

मी देगलूरच्या मिस्त्रीकडे गेलो. तो तेलुगूत सुरू करायचा, दखनीत यायचा आणि मराठीत संपवायचा. गाडीखाली शिरून त्यानं एक पट्टी काढली, उरलेल्यांच्या मध्ये ग्रीस भरलं. दुसरी पट्टी काढ म्हटलं तर ऐकेना. भर रस्त्यात मुख्य पाटा तुटला तर मायला कुठे ठेवशील, म्हणाला. मग त्यानं टोकांचे बोल्ट सैल केले. ज्यानं पाटे बसवले होते त्यानं चाकं अधांतरी असतानाच बोल्ट आवळले होते, म्हणून आतली रबरं पिळवटून गाडी वर ढकलत होती. आता मागे भरपूर भार टाकायचा, गाडी तिच्या चाकांवर बसू द्यायची आणि तशातच बोल्ट आवळायचे. पुढे काही दिवस भार घेऊन खराब वाटेनं सावकाश फिरवायची, असं त्यानं समजावलं.

पण भार आणायचा कुठून? एरवी गावातल्या दुकानदाराच्या गोदामातून धान्याची पोती उसनी मिळाली असती. त्या वर्षी गोदामात उंदीरसुद्धा राहिले नव्हते. मी रानातले दगड पोत्यांत भरले, त्या भारावर बोल्ट आवळून घेतले आणि लेंडी नदीच्या कोरड्या पात्रातून गाडी वरखाली फिरवू लागलो. रिकाम्या नदीत दगड फिरवणारा माणूस बघायला गुराखी थांबायचे. पाटे चार बोटं खाली आले. पण दगड उतरवले की गाडी पुन्हा लाथा झाडायची, आणि दगड ठेवले की तेच उडून गाडीला दणके द्यायचे. मिस्त्रीनं पाहिलं आणि मान हलवली. भार बसून राहणारा पाहिजे, म्हणाला.

हे मी दुकानासमोर गाडी लावून दगडांची पोती उतरवताना स्वतःशीच पुटपुटत होतो. दुकान लिंगायत वाण्याचं. गल्ल्यावर बहुतेक त्याची बायको असायची. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं. अंगानं भरभक्कम, बोलायला फटकळ. वस्तीतल्या आम्हा बौद्धांसाठी तिच्या ओसरीच्या कोनाड्यात चहाचा वेगळा कप होता. चहा मायेनं द्यायची, पण त्याच कपात. आक्कानं माझं पुटपुटणं ऐकून घेतलं, वजनाचा काटा बाजूला सारला.

"दगडं कशाला फिरवायलास? मी हाय की," ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण संध्याकाळपर्यंत तिनं माणसं जमवली होती. गावातले वजनदार गडी आणि बाया तिनं अशा निवडल्या की ज्याला नको म्हटलं त्याला राग यायचा. त्यात तो थट्टेखोरही होता, पोट त्याचंही चांगलं सुटलेलं. माझ्याशी न बोलता तो गाडीत चढून जागा बघून आला. यातली निम्मी माणसं रोज खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायची. त्यांनी दुसऱ्या दिवशीचं काम बुडवलं, आणि त्याबद्दल कुणी मला अवाक्षरही ऐकवलं नाही. मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागायची मला लाज वाटली असती.

पहाटे निघालो. नांदेडच्या वाटेवर नायगावपर्यंत मी श्वास रोखून गाडी चालवली. गाडी खड्ड्यात उतरायची, दबायची आणि हळूच वर यायची. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या म्हणण्यात होती. मिस्त्रीचं खरं होतं. बसून राहणारा भार वेगळाच असतो.

दवाखान्यात डोळ्यावर पट्टी बांधलेल्या मायला आम्ही बाकड्यांमधल्या गादीवर उताणं निजवलं. ती बोलू लागेल, हसेल, या धास्तीनं सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. थट्टेखोरानं स्वतःच तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. एवढी माणसं एका गाडीत आणि एवढी गप्प, हे आमच्या गावानं पुन्हा कधी केलेलं नाही.

देगलूर मागे पडल्यावर माय हळूच म्हणाली, "गाडी जड चालली. मागं काय भरलंय?"

"धान्याची पोती हायेत. नीज तू," आक्का म्हणाली.

मायनं थोडा विचार केला. "लई दुष्काळ हाय म्हणत होते," ती म्हणाली. "मग पोती कुठनं आली?"

बाकडी हलायला लागली. कुणी ओठ चावले, कुणी मान बाहेर काढली. थट्टेखोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माय मात्र गंभीर चेहऱ्यानं पडून होती. तिला सगळं कळलं होतं, आणि हसायचं नाही हेही ठाऊक होतं.

फाटा आला आणि डांबर संपलं. पहिल्या दगडावर चाक चढलं तसं मी आरशात पाहिलं. आक्का बाकड्यावरून खाली उतरली होती. त्या चिंचोळ्या जागेत मांडी घालून तिनं मायचं डोकं उचललं, आपल्या मांडीवर घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी कानशिलं धरून ठेवली. गाव येईपर्यंत तिनं हात काढले नाहीत. तिच्या पायांना किती मुंग्या आल्या असतील कोण जाणे. कोनाड्यातला तो कप पुढेही बरीच वर्षं तिथेच होता, हे मला सांगायला हवं. तरी त्या वाटेवर तिनं जे केलं त्याचा उपकार मी विसरलेलो नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी दोन्ही सांभाळून ठेवल्या आहेत.

टाके टिकले. पट्टी गेली, काळा चष्मा आला, आणि दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्या दिवशी गाडीत बसलेली सगळी माणसं आमच्या दारात आली. कुणी बोलावलं नव्हतं. माय बाजेवर बसली आणि एकेकाला जवळ घेऊन बघू लागली. आक्काचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला. तू तर माझ्यापेक्षा म्हातारी झालीस, म्हणाली. थट्टेखोराला म्हणाली, तुझा नुसता आवाजच तरुण राहिला रं. माणसं हसत होती, डोळे पुसत होती. आता मायला हसायची मोकळीक होती आणि ती पोटभर हसत होती.

मी दाराशी चहाचं बघत होतो. मायनं हाक मारली. तिच्या समोर उकिडवा बसलो. तिनं चष्मा सारखा केला आणि खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हसणं थांबवलं.

"तुझे केस पिकले," ती म्हणाली. "मी तुला अजून पोरगंच समजून रागवत होते."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत रडलो. कुणीही थट्टा केली नाही.