चिठ्ठीबाई बसून राहिली

चिठ्ठीबाईला घाबरट म्हटलं तर तिला राग यायचा नाही, कारण ती होतीच घाबरट. मेलेल्यांना नव्हे हो, त्यांच्यात तर तिची सव्वीस वर्षं गेली होती. भीती जिवंतांची. सरकारी दवाखान्याच्या शवागारात मुडद्याच्या पायाच्या अंगठ्याला नंबराची चिठ्ठी बांधायचं तिचं काम, म्हणून ती चिठ्ठीबाई. खरं नाव पगारपत्रकात असेल. कारकून ओरडला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. घरी येऊन नणंदेला सगळं सांगायची, नणंद विचारायची, मग तू काय म्हणालीस? ही म्हणायची, मी काय म्हणणार!

ही नणंद म्हणजे नवरा गेल्यावर वाटणीला आलेली एकुलती एक इस्टेट. पोरंबाळं दोघींनाही नाहीत. दोन खोल्या, एक दिवा आणि नणंदेची तिखट जीभ, एवढ्यावर संसार चालला होता. संध्याकाळी जेवणाआधी नणंद चष्मा चढवून बायबलातला एक अध्याय मोठ्यानं वाचायची, कारण चिठ्ठीबाईचं वाचन चिठ्ठीपुरतंच. नणंदेला जवळचं दिसायचं नाही, लांबचं मात्र घारीसारखं दिसायचं.

त्या आठवड्यात शवागाराचं थंड करायचं यंत्र बंद पडलं. उन्हाळा असला की नेमकी तिथंच माशी शिंकते. ज्यांचे त्यांचे नातेवाईक आले आणि आपापलं माणूस घेऊन गेले. उरली एकच, कालव्यात सापडलेली विशीतली पोरगी, नंबर एकेचाळीस. सात दिवसांत कुणी आलं नाही तर बेवारशांच्या खड्ड्यात न्यायचं, असा नियम. सातवा दिवस शनिवार, दुपारी बारा. मिस्त्री सोमवारशिवाय येणार नव्हता. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या आल्या, पण खोलीत श्वास घेववेना, म्हणून खिडक्या उघड्या. जाळी केव्हाचीच फाटलेली. गुरुवारी दुपारी खिडकीत पहिला कावळा येऊन बसला.

कावळा आधी कुठं चोच मारतो, हे चिठ्ठीबाईला ठाऊक होतं. पोरीच्या अंगावर ना दागिना, ना धड कपडा. ओळखायला होता तो चेहरा. तो गेला की पोरीचं नावही गेलं. तिनं भीत भीत कारकुनाला विचारलं, कुणाला बसवता का राखणीला? तो हसला. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणाला, कुलूप लाव आणि घरी जा, मेलेल्याला काय कळतंय! अशा माणसाच्या तोंडाला काय लागायचं? तीही लागली नाही. निमूट घरी आली.

त्या संध्याकाळी वाचनात आला रिस्पेचा अध्याय. आता याला योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा. रिस्पा राजाची रखेल, राजा मेलेला, म्हणजे मान ना मरातब. नव्या राजानं तिची दोन पोरं आणि आणखी पाच जणांना शत्रूंच्या हवाली केलं, त्यांनी त्यांना डोंगरावर फाशी दिलं आणि प्रेतं तशीच उघड्यावर टाकली. रिस्पेनं खडकावर गोणपाट अंथरलं आणि कापणीपासून पाऊस पडेपर्यंत तिथं बसली. दिवसा पाखरं हाकली, रात्री जनावरं. शेवटी राजाच्या कानावर गेलं, आणि त्याला त्या हाडांना माती द्यावी लागली.

चिठ्ठीबाईनं विचारलं, “राजाला ती बोलली काय?”

नणंदेनं चष्मा सारखा करून पान पुन्हा पाहिलं. “काही नाही. तिच्या तोंडी एक अक्षर नाही इथं. नुसती बसली.”

“बसता तर मलाही येतं,” चिठ्ठीबाई म्हणाली, आणि जेवणाचं ताट तसंच सारून चपला घालायला लागली.

बर्फाचं रिकामं गोणपाट तिनं पोरीच्या टेबलाशेजारी अंथरलं, हातात फरशी पुसायची काठी घेतली आणि बसली. रात्रीचं काही सांगत नाही. उंदीर होते आणि ती होती, एवढं पुरे. शुक्रवारी उजाडताच कावळे आले, एक नाही, ओळीनं सात. ओरडत नव्हते. नुसते बघत होते. तिनं काठी आपटली की एक पाऊल मागे सरायचे, तिचा हात दमला की एक पाऊल पुढे.

दुपारी तिचा डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. जाग आली ती कापड झटकल्याच्या आवाजानं, ओलं कापड कुणी जोरात झटकावं तसा फटकारा. खिडकीतले कावळे भर्रकन उडाले होते. खोलीत कुणी नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या खोलीत भीती वाटली. पळावंसं वाटलं, पण पळाली तर कावळे होतेच. ती बसून राहिली. मग आणखी तीनदा तसंच झालं. हिची मान कलली की टेबलाच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूनं, फट्ट.

चार वाजता नणंद डबा घेऊन आली. व्हरांड्याच्या टोकावरूनच तिनं हाक मारली, दाराशी आली आणि थबकली.

“ती दुसरी कुठं गेली?”

“कोण दुसरी?”

“तुझ्यासमोर, भिंतीच्या बाजूला बसली होती ती. मी म्हटलं, बरं झालं, सोबत मिळाली.”

भिंत आणि टेबल यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. दार एकच, आणि त्यात नणंद उभी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एरवी तोफखाना असलेली नणंद डबा ठेवून तिच्याजवळ सरकून बसली. चिठ्ठीबाईला मात्र मनातून वाटलं, रिस्पाच आली. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली.

शनिवारी बाराला गाडी आली. कारकून म्हणाला, ऊठ. ती उठली नाही. तो ओरडला, तरी उठली नाही. शेवटी मोठे डॉक्टर नाकाला रुमाल लावून स्वतः आले. तुला इथं बसायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

“साहेब, चेहरा अजून शाबूत आहे,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी चेहरा पाहिला. मग पोरीचा फोटो कुठं कुठं पाठवला, असं कारकुनाला विचारलं, आणि तिथं घोडं अडलं. दवाखान्याला वाटलं पोलिसांनी काढला, पोलिसांना वाटलं दवाखान्यानं. फोटो कुणीच काढला नव्हता. डॉक्टरांचा चेहरा उतरला. गाडी परत गेली, आणि फोटो कालव्याकाठच्या सगळ्या चौक्यांवर गेला.

रविवारी दुपारी एक तरुण आला, पोरीचा भाऊ. चिठ्ठीबाईनं कापड खाली केलं. त्यानं एकदाच बघून होकाराची मान हलवली. मग त्याची नजर बहिणीच्या खांद्यावर गेली आणि तिथंच खिळली. खांद्यावरून पुढे घेतलेली घट्ट वेणी होती, आणि तिचं टोक आत दुमडून खोचलेलं.

“ही वेणी कुणी घातली?” त्यानं विचारलं. “अशी टोक खोचून आमची आईच घालायची. आईला जाऊन चार वर्षं झाली.”

कारकून चिठ्ठीबाईकडे बघायला लागला. पोरगी आली तेव्हा तिचे केस गाळानं चिकटलेले होते, आणि चिठ्ठीबाईनं त्यांना हातही लावला नव्हता. हो म्हणाली असती तर सगळ्यांची सुटका झाली असती, तिचीसुद्धा. रिस्पा आपल्या पोरांसाठी बसली होती, दुसऱ्यांच्या नव्हे, हे तिला आत्ता कळलं, आणि कळल्यावर भीती कुठल्या कुठे गेली.

“मी नाही घातली,” ती म्हणाली. “मी या बाजूला होते.”

टेबलाला वळसा घालून भाऊ भिंतीकडच्या अरुंद जागेत गेला, खाली बसला आणि लहान पोरासारखा आईला हाका मारत रडायला लागला.