दादा तिच्याशी एकदाच बोलला

सकाळी गाईसाठी घास कापताना त्याचा ओला वास आला आन् दादा आठवला. थोरला भाऊ माझा, गेल्या महिन्यात गेला. उभा जन्म वडगावच्या रानात राबला, आम्हा भावंडांची लग्नं त्यानंच लावली.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं न्हाई, शिवायचं तर न्हाईच, अशी आमच्यात रीत. माझ्या लग्नाला वर्ष झालं आन् याच घासात बायकोला साप चावला. मी येड्यावानी उभाच. दादानं हातातलं खोरं टाकलं, तिला उचललं आन् डांबरीकडं पळत सुटला.

"दादा, खाली ठेवा, लोक बघत्यात," ती रडत म्हणाली.

"बघू दे. डोळं मिटू नको, पोरी."

तवा मला त्याचा राग आला होता. लाज माझ्या उभं राहण्याची वाटायला पाहिजे होती.

दौंडच्या दवाखान्यातून ती बरी होऊन आली, लांबूनच त्याच्या पाया पडली. हा माझ्याकडं बघून म्हणाला, "तिला सांग, अनवाणी रानात जायचं न्हाई."

त्यानंतर चाळीस वर्षं ती माझ्याबरोबर नांदली. दोन वर्षांमागं गेली.

आज मी अनवाणीच होतो. इळा ठेवला, बांधावर गेलो आन् चपला घातल्या.