लोणचं विकायला आलेली

माळशेजच्या डोंगरातल्या पाड्यावरून ती दर रविवारी डोंबिवलीत करवंदाचं लोणचं विकायला येते. भाव विचारला की म्हणते, "आधी चाखा, मग बोला."

परवा ठाण्यात आदिवासी उद्योजिकांच्या प्रदर्शनात तिला टेबल मिळालं. मीही सोबत गेलेले. संयोजिकाबाईंनी तिच्यापुढे लुगडं आणि खोटे दागिने ठेवले.

"हे घाल. तुझ्या अंगावरच्या साडीत तू पाड्यावरची वाटतच नाहीस."

"मी लोणचं विकाया आलेय, सोंग घ्याया नाय."

"मग टेबल दुसरीला देऊ."

तिने बरण्या उचलल्या आणि फाटकाबाहेर फुटपाथवर मांडल्या. माझं डोकंच फिरलं. फाटकातूनच मी त्या बाईंवर ओरडले, "उद्योजिका म्हणून बोलावता आणि बाहुलीसारखं नटवता? लाज नाही वाटत?"

तिने माझा पदर ओढला.

"ताई, हळू वरडा. गिऱ्हाईक बिचकतंय."